गोचीड धुऊन जात नाही, कारण ती भिंतीत राहते

आर्वीकडच्या ताईंनी विचारलं आहे : गावठी कुत्रं, अंगणात बांधलेलं, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्याच गोचिड्या. दर आठवड्याला वेचतात, आंघोळ घालतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. आणि शेजारी सांगून राहिले की पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायचं औषध बादलीत टाकून एकदाचं धुऊन काढा.

ताई, शेवटचं आधी घेतो. ते करू नका. मी केलेलं आहे. आमच्या भुऱ्याला असंच घरात उरलेलं औषध झाकणभर टाकून धुतलं होतं. अर्ध्या तासात तोंडातून लाळेच्या तारा, मग अंग थरथरायला लागलं, पाय टेकेनात. कातडीतून विष आत जातं, आणि कुत्रं अंग चाटतं ते वेगळंच. साध्या पाण्याने धुतलं, पोत्यात गुंडाळून गाडीवर ढोरांच्या दवाखान्यात नेलं, तिथे ॲट्रोपिनची, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं मिळाली म्हणून वाचलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मग बारा-पंधरा किलोच्या जनावराचं काय सांगायचं. जळकं ऑईल आणि घासलेट याच पंगतीतलं. सीताफळाच्या बियांची पूडही नको, डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते.

आता पुन्हा पुन्हा का होतं ते. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढते आणि तीनदा पोट भरून खाली उतरते. उरलेला सगळा काळ ती भिंतीच्या भेगेत, बाजेच्या चौकटीत, गोठ्याच्या कुडात, पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली काढते. टम्म फुगलेली मादी अशाच जागी दोन-चार हजार अंडी घालून मरते. तुम्ही वेचता त्या फक्त जेवायला आलेल्या. संध्याकाळी बॅटरी घेऊन कुत्र्याच्या बसायच्या जागेमागची भिंत पाहा, वर चढताना दिसतील.

म्हणून काम दोन्हीकडे एकदमच करावं लागतं. भेगा शेणमातीने लिंपून घ्या, पक्की भिंत असेल तर सिमेंटने. पऱ्हाट्या आणि कुटार कुत्र्यापासून लांब हलवा. अंथरायचं पोतं उकळत्या पाण्यात घाला किंवा सरळ जाळा. गोठ्यासाठी डेल्टामेथ्रिनचं जनावरांचं औषध मिळतं. लेबलवरच्या मापाने, कुत्रं आणि कोंबड्या बाहेर काढून भेगांत फवारा आणि वाळेपर्यंत कोणाला आत सोडू नका. अंड्यांवर त्याचा भरवसा नाही, त्यामुळे १५ दिवसांच्या अंतराने आणखी दोनदा मारावं लागेल. लोक इथेच कंटाळतात.

कुत्र्याच्या अंगासाठी फिप्रोनिलचे थेंब मानेवर केस बाजूला करून कातडीवर सोडायचे, महिनाभर चालतात. त्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नाही. फ्लुरालेनरची गोळी महाग वाटते, पण तीन महिने पुरते, आणि रोज धुऱ्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याला मला तीच परवडते. दोन्ही वजनावर असतं आणि लहान पिल्लांना सगळं चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच. हाताने काढायची तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखावर फोडू नका.

पिसवा असतील तर गणित तेच. पांढऱ्या ओल्या कापडावर कुत्र्याचे केस झाडा. काळे कण पडून लालसर ओघळले तर ती पिसवांची विष्ठा. कान मात्र नीट पाहा. कानाच्या कडा आणि कोपरं खरबरीत झाली असतील, कुत्रं रात्रभर खाजवत असेल, शिवाय घरच्या पोराच्या पोटावर-हातावर बारीक पुरळ उठून खाज असेल, तर ती खरूज आहे. तिला कातडी खरडून तपासणी लागते. नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत ती होते.

घाई करायची वेळ एकच. कुत्रं खायचं बंद झालं, ताप आहे, हिरड्या पांढरट पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोचिडीने रक्तातला आजार दिला असं समजा. त्याच दिवशी न्या. गाडी नसेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरवर फोन करा. यातल्या एका आजाराला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी भाकर खायला लागलं की आमच्याकडे गोळ्या बंद होतात, आणि महिन्याभराने तेच कुत्रं पुन्हा आडवं पडलेलं असतं.

मांजर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिनचं काहीही तिला लावू नका, मांजर त्याने मरते. आणि तसलं काही कुत्र्याला लावलं असेल तर निदान दोन-तीन दिवस तिला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.