रविवारची सहल आणि रोजची जागा

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आठवडाभर ऐरोलीच्या कार्यालयात संगणकासमोर बसून डोके जड होते म्हणून रविवारी मित्रांसह माळशेज गाठलेस, जाता-येता गाड्यांच्या रांगेत अडकलास आणि सोमवारी आदल्या शुक्रवारपेक्षाही अधिक दमून कामावर गेलास, असे तू लिहितोस. निसर्गात गेल्याने खरोखर विश्रांती मिळते की हे सारे बोलण्यापुरतेच असते, असेही तू विचारले आहेस. विश्रांती मिळते. मात्र तू केलास तो प्रवास होता, आणि प्रवासाचा शीण निसर्गाच्या खात्यावर मांडणे बरे नव्हे.

माझा सल्ला अगदी साधा आहे, इतका साधा की तुला तो कदाचित पटणार नाही. घरापासून किंवा कार्यालयापासून पायी अथवा रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी एकच जागा ठरव, आणि आठवड्यातून दोन-तीनदा साधारण त्याच वेळी तिथेच जात राहा. नव्या ठिकाणी गेलो की गाडी कुठे लावायची, वाट कुठून आहे, खायला काय मिळेल, परत कधी निघायचे, याच विवंचनेत निम्मा वेळ जातो. ओळखीच्या जागी हे प्रश्न उरत नाहीत आणि डोळे मोकळे होतात. शिवाय काल तिथे काय होते हे ठाऊक असल्याशिवाय आज काय बदलले हे कळत नाही, आणि हा बदल टिपण्यातच मन सर्वांत सहज रमते, असे माझे मत आहे.

याला थोडा आधारही आहे. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे सांगण्याचे प्रमाण, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत, लक्षणीयरीत्या जास्त होते. आणि ही १२० मिनिटे एका दमात घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, ज्याची प्रकृती बरी तोच बाहेर पडतो असेही म्हणता येईल, हे तुझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याला मी सांगायला नको. तरीही तुझ्या कामाचा मुद्दा त्यात आहे: वीस-वीस मिनिटांचे सहा तुकडेही चालतात. त्यासाठी माळशेज लागत नाही.

आता जागेविषयी. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, पण मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, संध्याकाळी खाऊच्या गाड्या, हॉर्न आणि गर्दी इतकी असते की तिथे भेळ खायला जावे, विसाव्यासाठी जायचे तर सकाळी सहालाच. महापालिकेच्या मुख्यालयाजवळचा कचराळी तलाव त्या मानाने निवांत आहे. येऊरचे जंगल अर्थातच सर्वांत समृद्ध. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. मात्र तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून वनखात्याच्या फाटकावर नोंद करून, ठरलेल्या वेळेतच आणि शक्यतो कोणाच्या सोबतीने जावे, अंधार पडण्याआधी परतावे. शनिवार-रविवारी येऊरच्या रस्त्यावर जी झुंबड उडते ती पाहिल्यावर मला तरी आठवड्याच्या मधल्या वाराची सकाळच पसंत पडते.

पण तुझ्यासाठी मी खाडी सुचवेन, कारण ती तुझ्या कार्यालयाच्या जवळच आहे आणि तिच्याकडे तुझे आजवर लक्ष गेलेले दिसत नाही. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या बहुतेकांना ठाणे खाडी म्हणजे चिखल आणि वास एवढेच ठाऊक असते. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे; तिथून भरती-ओहोटी पाहून बोटीही सोडतात. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत इथे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते त्यात चोच उलटी घालून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात, आणि त्यांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. भरतीने चिखल बुडाला की त्यांचे थवे नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ तळ्यांवर विसाव्याला जातात. म्हणूनच ही तळी बुजवली गेली तर खाडी शाबूत राहूनही पक्ष्यांची पंचाईत होते. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

भरतीची वेळ काढण्याचा कोळी लोकांचा जुना हिशेब तुला सांगून ठेवतो. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला थोडा अवधी लागतो, तेव्हा बारा धर. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमारास, नेमका तू कामावरून सुटतोस तेव्हा, चिखल दूरवर उघडा पडलेला असतो, आणि त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी अधिकच मागे हटलेले असते. अष्टमीला त्याच वेळी जाशील तर सगळीकडे पाणीच पाणी दिसेल. अचूक वेळा मोबाइलवर मिळतात हे मलाही ठाऊक आहे, परंतु तिथीवरून मनातल्या मनात वेळ काढता येऊ लागली की भिंतीवरच्या कालनिर्णयाशी खाडीचे नाते जुळते, आणि त्याची गंमत निराळी आहे.

रोहित दिसले नाहीत तर हिरमुसून परतू नकोस. काठावर सुरक्षित उभे राहता येईल अशा ठिकाणी थांब आणि दूर पाहण्याऐवजी पायांपासून दहा हातांवरचा चिखल पाहा. प्रथम तो निर्जीव वाटेल, कारण तुझी चाहूल लागताच सारे बिळांत शिरलेले असतात. जागचा न हलता काही वेळ उभा राहिलास की एकेक बीळ जागे होते. आधी बारीक खेकडे वर येतात. त्यांतल्या नरांची एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य असते आणि ती ते सारखी वर-खाली हलवत राहतात, मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला धमकावण्यासाठी. लहान नांगीने मात्र चिखल उचलून तोंडात घालण्याचे काम अखंड चालू असते. मग एखादी निवटी कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलातून उड्या मारत जाते. मासा असून ती पाण्याबाहेर निवांत वावरते. तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाभोवती चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची मुळे दिसतील. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही मुळे हवेतून श्वास घेतात. त्याच झाडाचे पान उन्हात निरखून पाहा, त्यावर मिठाचे कण चमकतात. शोषलेले जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. एवढे पाहीपर्यंत वीस मिनिटे होऊन गेलेली असतात, आणि त्या अवधीत कामाच्या निरोपांची आठवण आपसूक मागे पडलेली असते.

जिथे जाशील तिथे प्रथम निमूट बसणे किंवा उभे राहणे हेच मुख्य काम समज. चालणे उत्तमच, परंतु पावले मोजणारे घड्याळ मनगटावर असले की चालणे पुन्हा कामच होऊन बसते. पक्षी ओळखण्याची आणि फोटोंची हौसही सुरुवातीला आवर. नावे शिकावीत, जरूर शिकावीत. पण पहिल्याच दिवसापासून याद्या करू लागलास तर तुझा स्वभाव पाहता महिन्याभरात त्याचेही उद्दिष्ट ठरेल आणि ते गाठले नाही म्हणून तू खंतावशील.

एखाद्या दिवशी बाहेर पडणे जमले नाही तर उन्हाळ्यात आपल्या इमारतीच्या आवारातले झाडही पुरते. टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज भर दुपारी चालू असतो तो तांबट पक्ष्याचा. चिमणीएवढा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. आवाज काढताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो हे कळत नाही. त्याला शोधायचे असेल तर पानांत पाहू नकोस. तो बहुधा शेंड्याकडच्या उघड्या फांदीवर बसलेला असतो.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात लिहितो. खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर दर वर्षी बंदी असते आणि ती मोडण्यात काडीचाही शहाणपणा नाही. त्याऐवजी जुलैत ठाणे स्टेशनाजवळच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसतात त्यांच्याकडे जा, भाजी घे आणि ती कशी करायची हे त्यांनाच विचार. त्या दिवसांत जंगलात काय उगवले आहे हे त्यांच्या टोपलीत दिसते.

आईंना सोबत न्यायचे आहे असे लिहिले आहेस. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा खाडीचा ओबडधोबड काठ त्यांना नको. कचराळीची फेरी सपाट आहे. सकाळी सातच्या आत न्यावे, नंतर ऊन चढते. खाडीवर जाताना मात्र तू पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, कारण तिन्हीसांजेला तिथे डास फार असतात. येत्या पौर्णिमेला मीही ऐरोलीला यावे म्हणतो. तुला साडेपाचला निघता येईल का ते कळव. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका