चौदाव्या महिन्यातलं दूध

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, बाळ चौदा महिन्यांचं झालं, आता अंगावर पाजणं बंदच करू का?" मी काही बोलायच्या आत बाळ रडायला लागलं आणि तुला फोन ठेवावा लागला. तुझा आवाज मात्र दोन दिवस कानात राहिला. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. बाळ झोपलं की सावकाश वाच.

माझं मत आधी सांगून टाकते. तुला स्वतःला नको झालं असेल, अंग मोडून येत असेल, तर बंद कर. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण सासूबाई "दुधात आता काही राहिलं नाही, नुसतं पाणी पितोय" म्हणतात आणि त्या डॉक्टरांनी "वर्ष झालं, आता उपयोग नाही" म्हटलं, एवढ्यासाठी बंद करणार असशील तर करू नकोस. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजायला सांगते, आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं एका वर्षावर थांबलेले होते, २०२२ साली त्यांनीही दोन वर्षं आणि पुढे असं लिहिलं. मी नर्स होते त्या उपकेंद्राच्या हद्दीत एक मुस्लिम वस्ती होती. तिथल्या बायकांनी मला हा प्रश्न कधी विचारलाच नाही. कुराणात पूर्ण दोन वर्षं सांगितली आहेत, ती त्यांच्या घरात आजीपासून नातीपर्यंत ठाऊक होती.

सासूबाईंवर मात्र रागावू नकोस. त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे, फक्त ती चुकीच्या शब्दांत बाहेर पडते. वर्षानंतर अंगावरचं दूध बाळाला पुरत नाही. हे अगदी खरं. पण पुरत नाही आणि उपयोगाचं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी बत्तीस वर्षं नोकरी केली त्यात निम्मा घोळ या दोन गोष्टी एक केल्यामुळे झालेला पाहिला. एका घरात दूध पुरत नाही म्हणून तोडलं जायचं, दुसऱ्या घरात दूध चांगलं आहे म्हणून जेवणच द्यायचे नाहीत. नुकसान दोन्हीकडे.

तर काय पुरतं आणि काय नाही ते ऐक. दुसऱ्या वर्षात बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग अंगावरच्या दुधातून येऊ शकतो. दिवसाला साडेचारशे मिलीच्या आसपास दूध मिळत असेल, तर 'अ' जीवनसत्त्वाची जवळपास पाऊण गरज त्यातून भागते. तू दिवसभर कामावर असतेस, तेवढं जाणार नाही, पण जेवढं जाईल तेवढं कामाचं आहे. आजाराशी लढणारे घटक दुसऱ्या वर्षी आटत नाहीत, काही तर उलट वाढलेले सापडले आहेत. मूल रांगायचं सोडून चालायला लागतं, जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालतं, नेमक्या त्याच वयात. दूध पातळ आणि निळसर दिसतं म्हणून लोक त्याला पाणी म्हणतात. आईचं दूध तसंच दिसतं. म्हशीच्या दुधाशी त्याची तुलना करायची नसते.

आता न पुरणारी गोष्ट. ती म्हणजे लोह. पूर्ण दिवसांचं बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने चालतो. दुधात लोह फार थोडं असतं, तुझ्या काय किंवा गाईच्या काय. एक मुलगी मला आठवते, दीड वर्षाची. दिवसरात्र आईच्या पदराखाली. आई अभिमानानं सांगायची, "हिला दुसरं काही लागतच नाही." पोरीचे तळहात मी माझ्या हाताशेजारी धरले तर कागदासारखे पांढरे होते. खेळायची नाही, चिडचिड करायची, भूक मेलेली. भूक मेलेली म्हणून खायची नाही, खात नव्हती म्हणून रक्त कमी, आणि रक्त कमी म्हणून पुन्हा भूक नाही. त्या आईला मी दूध तोडायला सांगितलं नाही. आधी ताट, मग दूध, एवढा क्रम बदलायला सांगितला, आणि लोहाचं औषध सुरू करवलं. दोन महिन्यांनी पोरगी अंगणात पळत होती.

तुझ्या बाळालाही सहा महिन्यांनंतरचं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली, सुरू आहे ना? आशाताई देतात ते. नसेल तर आपल्या भागातल्या अंगणवाडीत विचार. पुण्यातही अंगणवाड्या आहेत. शहरातल्या शिकलेल्या मुली तिकडे फिरकत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

ताटाबद्दल बोलायचं तर, या वयात दिवसातून तीन ते चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ. एका वेळेला पाऊण ते एक वाटी. वाटी म्हणजे आपली मोठी, पाव लिटरची. हळूहळू तिथवर जायचं, कोंबायचं नाही. आणि घट्ट! चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. आपल्याकडे बाळाचं म्हणून वरणाचं वरचं पाणी देतात, नाचणीची पेज पाण्यासारखी करतात. इवलंसं पोट त्या पाण्यानंच भरून जातं. खालची डाळ द्यायची. मऊ भात, घट्ट वरण, वर चमचाभर तूप, त्यात शिजवून कुस्करलेला पालक किंवा लाल माठ, लिंबाचे चार थेंब. लिंबानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बाळाला घरात कुणालाही देऊ देऊ नकोस, आजोबांनासुद्धा. चहा लोहाच्या आड येतो आणि बिस्किटानं जेवण मरतं. वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि जे द्यायचं ते वाटीनं किंवा पेल्यानं. बाटली नकोच. दुकानात 'वाढीच्या वयाचं दूध' म्हणून जे डबे मिळतात त्यांची गरज नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी अशा डब्यांची जाहिरात करायला आपल्या कायद्यानं बंदी घातली आहे, ती उगीच नाही.

आणि एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम. तुझं माहेर माळकरी, सासरही तसंच. अंडं-मांस तू खात नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. आईच्या अंगात ते कमी असलं की दुधातही कमी उतरतं. वर्षाच्या आसपासची काही मुलं मी अशी पाहिली, अंगानं गुटगुटीत, पण रंग काळवंडलेला, हसायचं विसरलेली, बसायला शिकलेली ती पुन्हा कलंडणारी, हात थरथरणारे. आया सगळ्या शाकाहारी, आणि मुलं जवळजवळ फक्त अंगावर. वेळेत ओळखलं तर औषधानं मुलं सुधारतात. तुझं बाळ छान चालतंय, बोलतंय, घाबरू नकोस. पण तुझ्या रक्तातलं बी-१२ एकदा तपासून घे, कमी निघालं तर गोळ्या घे. रोज दही-ताक, दूध तुझ्या जेवणात असू दे. तुझं भरलं की त्याचं भरतं.

आता मी फारशी कुणाला सांगत नाही ते तुला सांगते. माझा थोरला १९८६ चा. तेव्हा रजा तीन महिन्यांची. तरीही मी वर्षभर पाजलं, दुपारी धावत घरी येऊन. तेरा महिन्यांचा झाला आणि घरात सगळ्यांनी ठरवलं की पुरे. कोरफडीचा गर लावला. त्यानं तोंड लावलं, थुंकला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. दोन रात्री रडला. तिसऱ्या रात्री माझ्याकडे आलाच नाही, आजीकडे जाऊन झोपला. माझ्या छातीत दगडासारख्या गाठी, अंगात ताप, आणि ड्युटी सुरू. मी स्वतः नर्स. दुसऱ्या बायकांना सांगत होते की हळूहळू सोडवा, आणि घरी तोंड उघडता आलं नाही. पुढे पावसाळ्यात त्याला हगवण लागली. पाजलं असतं तर लागली नसती असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या पोटात काहीही ठरत नव्हतं आणि त्याला द्यायला माझ्याजवळ दूध नव्हतं, एवढं खरं.

म्हणून उसाच्या फडावरच्या बायका मला नेहमी आठवतात. कराडजवळच्या उपकेंद्रात असताना दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत राहायचं, पहाटे कोयता घेऊन निघायचं, पाणी मिळेल तिथलं. त्यांची दीड-दोन वर्षांची पोरं फडातच असायची आणि बहुतेक सगळी अंगावर पीत असायची. जुलाब लागले तर मूल भाकरीकडे बघत नसे, पण आईला सोडत नसे. ओआरएसचं पाणी घोट घोट, झिंकच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस, आणि आईचं दूध चालू. पुष्कळ पोरं त्यावर निभावलेली मी पाहिली आहेत. तुझ्या घरी फिल्टर आहे, फ्रिज आहे, डॉक्टर जवळ आहेत. तरी पुढच्या वेळी ताप भरून बाळ सगळं जेवण नाकारेल, तेव्हा तुला कळेल मी हे का लिहिलं.

ऑफिसचं म्हणशील तर आता सोपं आहे. चौदा महिन्यांच्या बाळासाठी दिवसभराचं दूध काढून ठेवायची गरज नाही. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री. शरीर त्या वेळा शिकून घेतं. मध्ये जड वाटलं तर हातानं थोडं काढून टाक. आपल्या कायद्यानं मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दिवसातून दोन मधल्या सुट्ट्या दिल्या आहेत, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सांगितलं आहे. तुझा एक महिना अजून शिल्लक आहे. विचारून बघ. तुझ्यानंतर रजेवरून परतणाऱ्या मुलीला तरी त्याचा उपयोग होईल.

तू म्हणालीस, स्वारगेटला हिरकणी कक्षात बसलीस तेव्हा शेजारची बाई "एवढा मोठा?" म्हणाली, आणि तू पदर सावरून उठलीस. पुढच्या वेळी उठू नकोस. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्या खोलीला दिलं आहे, आणि तिच्या दारावर बाळाच्या वयाची पाटी नाही. हां, बाळाला तू वळण लावू शकतेस. चारचौघांत ओढाओढ करायची नाही, मागायचं तर अमुक शब्दानं मागायचं, "घरी गेल्यावर" म्हटलं की थांबायचं. या वयाची मुलं हे शिकतात. चावला तर लगेच बाजूला घे आणि शांतपणे नाही म्हण. ओरडू नकोस.

रात्रीचं मात्र जरा बघ. दात आलेत, आणि रात्रभर तोंडात धरून झोपायची सवय असली की दात किडायची भीती वाढते. झोपण्याआधी त्याचे दात घास, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. मग पाजून झालं की हलकेच बाजूला कर. पहाटेचं एखादं पाजणं राहिलं तर राहू दे. रोज रात्री चार-पाच वेळा उठून तू थकली असशील, तर रात्रीचं कमी करून दिवसाचं ठेवता येतं. मध्ये नवऱ्याला उठव, पाणी पाजू दे, थोपटू दे. सगळं किंवा काहीच नाही, असं इथे नसतं.

पाजते आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नकोस. तो भरवसा पहिल्या सहा महिन्यांपुरता, तोही फक्त अंगावर असेल आणि पाळी आली नसेल तरच. दवाखान्यात जाऊन साधन ठरव. स्वतःसाठी काही औषध घ्यायचं असेल तर "मी पाजते" हे डॉक्टरांना आधी सांग. बहुतेक आजारांवर पाजताना चालणारी औषधं असतात.

आणि सोडवायची वेळ येईल, सोळाव्या महिन्यात म्हण की तिसऱ्या वर्षात, तेव्हा कोरफड नको, कडुनिंब नको, तुला चार दिवस माहेरी पाठवणं तर अजिबात नको. मुलाचं दूध आणि आई एकाच दिवशी काढून घ्यायची नसते. एक वेळ कमी कर, ज्या वेळेला त्याचं सगळ्यात कमी लक्ष असतं ती, बहुतेक दुपारची. चार-सहा दिवस जाऊ दे, मग दुसरी. स्वतःहून देऊ नकोस, मागितलं तर हाकलू नकोस. त्या वेळेला पुस्तक, बाहेरची फेरी, बाबांच्या खांद्यावरून बघायची कुत्री-मांजरं. झोपतानाचं सगळ्यात शेवटी. मध्येच आजारी पडला किंवा तुझी बदली झाली तर थांब, पुन्हा नंतर.

सोळा महिने भरले की बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, 'अ' जीवनसत्त्वाचाही. टोचून झाल्या झाल्या तिथेच जवळ घे, रडं लवकर थांबेल. आणि दिवाळीत येशील तेव्हा त्याचं वजनाचं कार्ड घेऊन ये, मी स्वतः बघते. नाचणी भिजवून मोड आणून वाळत घातली आहे, तू येईपर्यंत दळून ठेवते. सासूबाईंनाही सोबत घेऊन ये. त्यांच्याशी मी बोलेन, दोघी एका वयाच्या आहोत, आमचं जमेल.

तुझी,
मावशी