कमी बजेटमध्ये होम थिएटरसाठी रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प) घ्यायचाय. ५.१ चा साधा घेऊ की ओढाताण करून ७.२ चा, जास्त वॅटचा?

५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालच्या बासचा स्पीकर) वाला घ्या आणि वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, त्यातही आधी टीव्हीजवळच्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात. तो यथातथा असेल तर रिसिव्हर कितीही भारी आणा, घरातले "काय म्हणाला तो?" असं विचारतच राहणार. ७.२ ला (सात स्पीकर, दोन सबवूफर) अर्थ आहे तो डोक्यावरूनही आवाज यावा म्हणून छतावर दोन अ‍ॅटमॉस स्पीकर नक्की लावणार असाल तरच, कारण ५.१.२ साठी (५.१ अधिक छतावरचे दोन) सात अ‍ॅम्प लागतात. "पुढेमागे लावू" म्हणून घेतलेले चॅनल बहुतेक घरांत रिकामेच राहतात.

वॅटच्या आकड्याला मी स्वतः फसलोय. पहिला रिसिव्हर खोक्यावरचा मोठा आकडा बघून घेतला. घरी मॅन्युअलचं शेवटचं पान उघडलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं: ६ ओहम (स्पीकरचा विद्युतरोध), १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, डिस्टॉर्शन १० टक्के. म्हणजे आवाज चांगलाच फाटल्यावरचा आकडा! त्याच पानावर ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू असताना ०.०८ टक्के डिस्टॉर्शनचा आकडा होता, तो जवळपास निम्मा. दोन मॉडेलची तुलना करायची ती या दुसऱ्या आकड्यावरून. तसंही वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तेवढाच फरक ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतल्यावर पडतो, तोही रिसिव्हर न बदलता.

एचडीएमआयच्या बाबतीत तुम्ही काय बघता त्यावर ठरवा. टीव्हीतल्या अ‍ॅपवरूनच सिनेमे बघत असाल तर साधा एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसिव्हरला पाठवणारी सोय) पुरतो, त्यावरून डॉल्बी डिजिटल प्लस हा सराउंड आवाज येतो. गेमिंग कन्सोल असेल तर मात्र टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हीकडे ई-एआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) हवा. मग कन्सोल थेट टीव्हीला जोडा: ४के १२० चं (सेकंदाला १२० फ्रेम) चित्र टीव्हीवर आणि मल्टिचॅनल आवाज ई-एआरसीने रिसिव्हरवर. एचडीएमआय २.१ इनपुटवाल्या महाग रिसिव्हरची गरजच पडत नाही.

ज्या गोष्टीवर अजिबात तडजोड करू नका, ती म्हणजे खोलीचं मोजमाप करणारा माइक. तो सोबत येतो की नाही ते आधी बघा. माइक सोफ्याच्या पाठीवर नुसता ठेवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा. पंखा बंद करा, बोलू नका. प्रत्येक स्पीकरमधून एकामागून एक आवाज येतात, त्यावरून रिसिव्हर अंतर आणि पातळी ठरवतो. झालं की लगेच सिनेमा लावायची घाई करू नका, आधी स्पीकर सेटिंग उघडा. पुष्कळदा पुढचे स्पीकर 'लार्ज' धरलेले असतात. ते 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो तो आकडा) ८० हर्ट्झवर ठेवा. खालचा बास सबवूफरकडे जातो आणि रिसिव्हरच्या अ‍ॅम्पवरचा सगळ्यात जड भार उतरतो. छोट्या रिसिव्हरला याने जो मोकळेपणा येतो तो मला वॅट वाढवून कधी मिळाला नाही.

जुना, वापरलेला मिळत असेल तर जरूर विचार करा. त्याचा अ‍ॅम्प सहसा ठणठणीत असतो, कालबाह्य होतो तो एचडीएमआयचा भाग. एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरची कॉपीसंरक्षणाची पद्धत) नसेल तर कॉपीसंरक्षित ४के चित्र त्याच्यातून जाणार नाही. तेव्हा सगळं टीव्हीला जोडायचं आणि आवाज ऑप्टिकल केबलने घ्यायचा. ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल ५.१ येतो, पण टीव्ही तो बाहेर पाठवतो ना, हे त्याच्या सेटिंगमध्ये तपासा. पैसे देण्याआधी एकच स्पीकर पाचही टर्मिनलना आळीपाळीने लावून प्रत्येक चॅनल ऐका आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर येते का बघा.

स्पीकर आधीच घेतले असतील तर त्यांच्या मागे किती ओहम लिहिलंय ते सांगा. ४ ओहमचे स्पीकर रिसिव्हरवर जास्त भार टाकतात, तसे असतील तर स्वस्त रिसिव्हरमधले बरेचसे यादीतून आधीच वगळावे लागतील.