सदतीसावा मेल नको, तक्रार दाखल करा

मिरजेच्या एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये ते परगावी आयुष्यातली पहिली फुल मॅरेथॉन, म्हणजे 42.195 किलोमीटर, धावायला गेले. पहाटे पाचला सुटायची शर्यत सहा वीसला सुटली, कारण झेंडा दाखवणारे पाहुणे पोहोचले नव्हते. अठ्ठाविसाव्या किलोमीटरनंतर पाणी संपलं. एका वळणावरचे स्वयंसेवक निघून गेले होते, त्यामुळे पुढचे वळले तिथूनच मागचेही वळले. शेवटी घड्याळात अंतर भरलं 40.6 किलोमीटर. फिनिशला मेडल संपली होती. मेडलचं विचारत असतानाच चक्कर येऊन ते पडले. रुग्णवाहिका जागेवर नव्हती. दुसऱ्याच एका धावपटूने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक रात्र, सलाइनच्या तीन बाटल्या, बिल 18,600 रुपये. आता त्यांना दहा लाखांची भरपाई हवी आहे आणि आयोजकांवर पोलीस केसही.

थंडी सरत आली की मला अशी पत्रं येतातच. शहरं वेगळी, तक्रार तीच: पाणी नाही, रस्ता बंद केलेला नाही, मधूनच टेम्पो घुसला, चिपने वेळच नोंदवली नाही. एका गृहस्थांनी तर मित्राच्या नावाच्या बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीवर, धावून गुडघा फोडून घेतला आणि विम्याचे पैसे का मिळत नाहीत असं मला विचारलं. त्यांना मी एका ओळीत कळवलं, की हा विषय सोडून द्या.

मिरजकर, पैसे भरून धावणारा माणूस ग्राहक ठरतो का, आणि पाणी नसणं ही सेवेतली त्रुटी आहे का, यावर मी शाई घालवणार नाही. तुम्ही 2,200 रुपये भरलेत, तुमच्याकडे पावती आहे. झालं. तुमचं प्रकरण ज्यावर उभं राहील किंवा पडेल ते वाक्य तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘आजवर 36 मेल पाठवले, ते उत्तरं देत आहेत, म्हणून कोर्टाची पायरी चढायची घाई केली नाही.’

घाई करायला हवी होती. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. तुमच्या बाबतीत कारण घडलं शर्यतीच्या दिवशी. तो दिवस मोजणीतून वगळतात, त्यामुळे दोन वर्षांनंतरची तीच तारीख तुमची शेवटची. तारीख इथे छापत नाही, ओळख पटेल. पण तुमचं पत्र मला मिळालं तेव्हा 19 दिवस उरले होते. हे उत्तर त्याच संध्याकाळी तुम्हाला मेलने पाठवलं. इथे देतोय ते तुमच्यासारख्या इतरांसाठी.

पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. समोरच्याने ‘आपली तक्रार संबंधित टीमकडे पाठवली आहे’ असं 36 वेळा कळवलं तरी नाही. वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यानेही नाही. कलम 69 मध्येच विलंब माफ करायची सोय आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि ते तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाला पटावं लागतं. ‘मी वाट बघत होतो’ हे बहुतेक वेळा कारण ठरत नाही, ती कबुली ठरते. समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच वाचून दाखवेल आणि पाण्याचा मुद्दा निघायच्या आधीच तुमचा कागद बाजूला पडेल.

मे 2024 मधला आयोजकांचा एक मेल तुम्ही जोडलाय. ‘पाण्याच्या नियोजनात त्रुटी राहिली, याबद्दल दिलगीर आहोत.’ हा कागद सोन्याचा आहे, पण पुराव्यासाठी. तो लेखी कबुली धरून मुदत मे 2024 पासून नव्याने मोजावी, असा युक्तिवाद करता येईल. तो चालेलच असं मी सांगणार नाही. दिलगिरी म्हणजे देणं मान्य करणं नव्हे, असं समोरून म्हणतील आणि त्यात दम आहे. 19 दिवस हातात असताना त्या युक्तिवादावर विसंबून राहायची गरजच काय?

त्याच टीमने पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर निम्मी सूट देणारा कूपन कोड पाठवला होता. तुम्ही तो वापरला नाहीत, हे एक बरं केलंत. त्याखालच्या बारीक अक्षरातल्या अटीत ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत. तुम्ही ते वाचले नव्हते, हेही तुमच्याच पत्रावरून कळलं.

आता त्या डिस्क्लेमरबद्दल. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे, कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार नाहीत.’ प्रत्येक पत्रात ही ओळ असते आणि प्रत्येकाला वाटतं, आपण इथेच सही करून हात कापून दिले. एवढं घाबरू नका. धावताना घोटा मुरगळणं, गोळे येणं हा तुम्ही पत्करलेला धोका. पाण्याच्या टेबलावर पाणी नसणं आणि रुग्णवाहिका जागेवर नसणं हा तुम्ही पत्करलेला धोका नाही, कारण नोंदणीच्या पानावर त्यांनी नेमकं उलट लिहिलं होतं: ‘दर अडीच किलोमीटरला पाणी, फिनिशला वैद्यकीय पथक.’ जागतिक स्पर्धांच्या नियमात पेयपानाची ठिकाणं साधारण दर पाच किलोमीटरला धरलेली आहेत. पण तुमच्या प्रकरणात त्यांच्याच माहितीपत्रकातले अडीच किलोमीटर पुरेसे आहेत. ते पान अजून इंटरनेटवर आहे का, ते आज रात्रीच बघा आणि उतरवून घ्या. नवी नोंदणी सुरू झाली की जुनं पान गायब होतं.

एक सूचना मात्र कडक आहे. तक्रारीत ‘ही अट म्हणजे अनुचित करार आहे, ती रद्द करा’ अशी मागणी घालू नका. कुणीतरी हौशी मित्र तसा मसुदा करून देईल. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकायचा अधिकार 2019 च्या कायद्याने जिल्हा आयोगाला दिलेला नाही, त्या राज्य आयोगाकडे जातात. मग अधिकारक्षेत्राचा वाद निघतो आणि तेवढ्यात मुदत संपते. तुम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच म्हणा आणि सांगलीच्या जिल्हा आयोगात जा. शर्यत कुठेही झालेली असो, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा कलम 34 मध्ये आहे. ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयांच्या अधीन’ या अटीचा बाऊ करतील. बहुतेक वेळा तिच्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. लवादाच्या अटीचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय, की लवादाची अट आहे म्हणून ग्राहकाची तक्रार अडत नाही.

दहा लाख कशाचे? तुम्ही भरलेली फी 2,200, एसटीचं आणि लॉजचं भाडं, दवाखान्याचं बिल, तक्रारीचा खर्च, आणि झालेल्या त्रासापोटी एक समजूतदार रक्कम. आकडा फुगवून मोठ्या आयोगात जाता येत नाही. आता आयोगाची पायरी ठरते ती तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ही तरतूद वैध ठरवली. फुगवलेला आकडा वाचून सदस्यांचं मन मात्र आंबतं, हे मी समोर बसून पाहिलंय. एवढ्या रकमेच्या सेवेसाठी तक्रारीला शुल्कही लागत नाही.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते, कोण, हे मेडलवरच्या किंवा टी-शर्टवरच्या लोगोवरून ठरवू नका. पावतीच्या तळाशी बघा, पैसे कुणाच्या खात्यात गेले. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर इव्हेंट कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे. माहितीपत्रकावर एका न्यासाचं नाव आहे. दोघांनाही घ्या. कंपनी अजून चालू आहे ना, हे कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. शर्यतींपुरत्या काढलेल्या कंपन्या दोन वर्षांत बंद झालेल्या मी पाहिल्यात. महापालिकेला ओढू नका. तिने रस्ता वापरायची परवानगी दिली, तुमच्याकडून एक रुपया घेतला नाही. तिला आणलंत तर एक वकील, एक म्हणणं आणि सहा तारखा वाढतील.

पुराव्यात तुमचा ढिसाळपणा बघून मी खरंच वैतागलो. फोन बदलला, मूळ फोटो गेले, उरले ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर. बत्तिसाव्या किलोमीटरचा एक फोटो चांगला आहे: उलटं पडलेलं टेबल, वीस लिटरचे तीन रिकामे जार, त्यातला एक आडवा, आणि रस्ताभर चुरगळलेले कागदी पेले. तो ज्याने काढला त्या मित्राच्या फोनमध्ये मूळ फाइल असेल, तिच्यात वेळ असेल. ती मागवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. आयोग साक्षीच्या नियमांनी काटेकोर बांधलेला नसतो, पण समोरच्याला हरकत घ्यायची संधी कशाला द्यायची? मे 2024 चा तो मेलही नुसत्या स्क्रीनशॉटवर सोडू नका, पूर्ण छापा.

घड्याळातला 40.6 हा आकडाही जपून वापरा. घड्याळ हा मोजमापाचा दाखला नाही, असं ते म्हणणार. त्याला उत्तर आहे. रोड रेसचा मार्ग प्रमाणित करताना चाकाला मोजणीयंत्र लावलेल्या सायकलने, वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून, कमीत कमी अंतराची रेषा मोजतात आणि वर हजारामागे एक मीटर जादा धरतात. धावणारा ती रेषा पकडत नाही, म्हणून जीपीएस घड्याळात अंतर सहसा 42.195 पेक्षा थोडं जास्तच भरतं. तुमचं दीड किलोमीटर कमी भरलं. तुमच्यासोबतच्या पाच-सहा जणांच्या जीपीएक्स फाइली, म्हणजे घड्याळाने नोंदवलेले मार्ग, एकाच वळणावर एकसारखे तुटलेले दिसले, तर घड्याळ बिघडलं होतं असं म्हणता येणार नाही. आणि जाहिरातीत ‘प्रमाणित मार्ग’ छापलंय, तर ते प्रमाणपत्र हजर करा असा अर्ज द्या. ते नसलं तर पाण्यापेक्षा हाच मुद्दा जड जाईल. या वेळेवर तुम्हाला पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीला नाव घालायचं होतं, असं तुम्ही लिहिता. ते नुकसान पैशात मोजून मिळेल अशी आशा धरू नका, पण तक्रारीत लिहा.

पत्रातला एक माणूस मला फार आवडला. चौतिसाव्या किलोमीटरला रसवंती लावून बसलेला, ज्याने तुम्हाला बर्फ न घालता दोन ग्लास रस दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी त्याने किती धावणाऱ्यांना पाणी पाजलं, हे तो सांगू शकेल. तो कुणाचा नातेवाईक नाही, स्पर्धक नाही, त्याला काही मिळवायचं नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र तुमच्या दहा मित्रांच्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार ठरेल. रविवारी जाऊन त्याला शोधा. आयोगापुढचं काम बहुतांशी कागद आणि प्रतिज्ञापत्रांवरच चालतं, त्याला सांगलीला यावं लागेलच असं नाही.

दवाखान्याच्या बिलाबद्दल मी जपून बोलतो. डिस्चार्ज कार्डावर पाणी कमी झाल्याचं आणि उन्हाचा त्रास झाल्याचं लिहिलंय, ते ठीक. पण नोंदणी अर्जात ‘मी वैद्यकीय तपासणी करून घेतली आहे’ या चौकोनात तुम्ही खूण केलीत आणि तपासणी केली नव्हती, हे तुम्हीच कळवताय. रक्तदाबाची गोळी चालू असताना! बिबच्या मागचा वैद्यकीय माहितीचा रकानाही कोरा. हे समोर येणार. बिल पूर्ण मिळेल, अर्धं मिळेल की मुळीच नाही, हे मी सांगू शकत नाही. विचारलं तर खोटं बोलू नका एवढंच.

बाकीचे 14 जण तुमच्यासोबत यायला तयार आहेत, म्हणता. या. पण सगळ्या हजारो धावपटूंच्या वतीने तक्रार करायच्या भानगडीत पडू नका. त्याला कलम 35 प्रमाणे आयोगाची परवानगी लागते आणि हितसंबंध एकच आहेत हे दाखवावं लागतं. तुम्ही पडलात, दुसऱ्याला नुसतं मेडल मिळालं नाही, तिसऱ्याची वेळ नोंदली गेली नाही. वेगवेगळ्या तक्रारी करा. फार तर दोघा-तिघांनी, ज्यांचं दुखणं एक आहे, एकत्र करा. आणि त्यांच्या सह्यांसाठी तुमची तक्रार थांबवू नका. मुदत त्यांचीही तीच आहे.

पोलीस केस? तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 337 (निष्काळजीपणाने दुखापत) सारख्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एक वर्षाची मुदत असते. तीही गेली. त्यापुढचं कलम लावायला जबर दुखापत लागते, सलाइनच्या तीन बाटल्या तिच्यात बसतील असं वाटत नाही.

किती दिवस लागतील, हेही विचारलंय. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. मी हसत नाही, कायद्यात खरंच तसं लिहिलंय. सदस्यांच्या जागा रिकाम्या असतात, कोरम नसतो, पुढची तारीख पडते. दोन वर्षं धरून चाला, तीन झाली तर आश्चर्य नको. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: समोरच्याला म्हणणं मांडायला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15 दिवस मिळतात. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगालाही मुदत वाढवून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलंय. तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी अर्ज द्या. मुदतीची धार या वेळी तरी तुमच्या हातात असेल. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर हो म्हणा. फी, बिल आणि थोडी वरकड रक्कम यावर अशी प्रकरणं मिटू शकतात.

वकील लागतोच असं नाही. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः दाखल करता येतं. नोंदणी, ओळखपत्र, कागद स्कॅन करणं यात दोन संध्याकाळी जातील. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, नेमकं तेव्हाच ते संकेतस्थळ गोल गोल फिरत बसतं. त्रुटी काढून कागद परत आले तर दुरुस्तीला दिवस हवेत. येत्या सोमवारपर्यंत दाखल करा, आणि तक्रारीचा क्रमांक आला की मला कळवा.