खेळाडू आहेस म्हणून निबंध खेळावरच हवा असं नाही

अगं, अमेरिकेच्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा असतो. त्यात मेडलं आणि कॅप्टनपद सांगण्यात जागा घालवू नकोस. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटीजची वेगळी यादी आहे: 10 रकाने, प्रत्येकात वर्णनाला 150 अक्षरं. गुडघा दुखावला, जिद्दीने परतले, फायनल मारली, ही गोष्ट वाचणाऱ्यांना पाठ झालेली असते. माझा पहिला मसुदा नेमका तोच होता, माझं नाव काढून कुणाचंही घातलं तरी चाललं असतं.

मग मी बॅडमिंटनच्या सरावानंतरची अर्धा तास लिहिला. शटलला 16 पिसं असतात. एक-दोनच पिसं तुटलेली शटल्स मी वेगळी काढून नव्याने आलेल्या लहान मुलांसाठी डब्यात भरायचे. ते कुणी सांगितलं नव्हतं. तिथे मी दिसले.

तुझं असं काय आहे? आईला विचार, तिला आधी आठवेल. कोर्टाबाहेरचं निघालं, आजीबरोबरचं भाजी निवडणं निघालं, तरी बिनधास्त लिही. कॉलेजच्या कोचला पाठवायचे व्हिडिओ आणि निकाल वेगळे जातातच. आणि पहिला मसुदा ऑगस्टमध्येच काढ गं, स्पर्धा सुरू झाल्यावर रात्री डोळे उघडे राहत नाहीत.