ऑक्टोबरात बेसबॉल, शनिवारी कॉलेज फुटबॉल: सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतले हे दोन खेळ नव्याने बघणाऱ्यांचं स्वागत! सगळे नियम पाठ करत बसू नका. बघता बघता येतात.

बेसबॉलचे प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) सुरू झाले की प्रत्येक संघाच्या आधीच्या १६२ सामन्यांचा तक्ता बाजूला ठेवा. नवे लोक इथेच फसतात. २००१मध्ये सिॲटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले, तरी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, गाठली नाही. २०२३मध्ये ॲरिझोना ८४ विजयांवर तिथे पोचली. छोट्या मालिकेत दोन-तीन पिचर (चेंडू टाकणारे) फॉर्मात असले तरी बाजी पलटते. म्हणून पिचर कोण आहे, मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) त्याला कधी बदलतो, याकडे लक्ष द्या. माझ्या मते खरी रंगत तिथेच आहे.

कॉलेज फुटबॉलसाठी (म्हणजे विद्यापीठांच्या संघांचं अमेरिकन फुटबॉल) एवढंच:

- एकच संघ धरा, शक्यतो राहता त्या राज्यातला.
- एका पराभवाने हंगाम संपत नाही. २०२४मध्ये प्लेऑफ १२ संघांचे झाले. त्याच हंगामात ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरली, आणि जानेवारी २०२५मध्ये विजेतीही ठरली.
- क्रमवारीच्या वादात इतक्यात पडू नका.

नोव्हेंबरअखेरचा मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट सामना मात्र पूर्ण बघाच. काही अडलं तर बिनधास्त विचारा.