देव पुरवतो म्हणतात, पण घर तर पगारावरच चालतं. मग भरवसा नेमका कशावर ठेवायचा?

तुम्ही विचारलंय, 'मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी ऐकतो की कमाईवर नाही, देवावर भरवसा ठेव. पण घराचा हप्ता पगारातून जातो, मुलांची फी पगारातून जाते. मग मी करू काय? नोकरी सोडू? एफडी मोडू?'

दोन्ही नका करू. पाळकांसारखं उत्तर मला जमणार नाही, माझं दुकान आहे मोटार वाइंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरायचं. तिथूनच सांगतो.

जळगाव जिल्ह्यात सावद्याच्या बाजूला राहतो. चारी बाजूंनी केळी. उन्हाळ्यात पाणी चुकलं तर घड पोसत नाही, म्हणून मार्चपासून पाऊस लागेपर्यंत शेतकरी मोटार थांबू देत नाही. त्यात रात्रीची लाइट, व्होल्टेज पडलेलं. एक फेज गेला की मोटार दोन फेजवर गुंगत राहते, तापते आणि जळते. मे महिन्यात दुकान उघडायच्या आधीच दारात दोन-तीन मोटारी येऊन पडलेल्या असतात. जळक्या वार्निशचा वास अंगाला असा चिकटतो की रविवारी उपासनेला बसलो तरी तो निघत नाही. आणि पाऊस लागला की सगळं ठप्प. जुलै-ऑगस्टात आठवड्याला एखादा मिक्सर, एखादा टेबल फॅन.

आता गंमत बघा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रार्थना मी रोज करतो. माझी भाकर येते कुठून? कुणाची तरी मोटार जळली की. मग मी देवाकडे मागतोय तरी काय? बायकोने कळण्याची भाकरी थापता थापता सहज विचारलं होतं, 'म्हणजे तुम्ही लोकांच्या मोटारी जळाव्यात म्हणून प्रार्थना करता का हो?' हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यात राहिलं. पुष्कळ दिवसांनी उमगलं की त्या प्रार्थनेत मोटार हा शब्दच नाही. भाकर आहे. ती कोणत्या रस्त्याने यायची हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि सगळं लक्ष त्या रस्त्याकडे लावून बसलो होतो.

रस्ता बंद पडला तेव्हा मी काय केलं, तेही सांगतो. जुलै होता, तीन आठवडे गल्ला रिकामा, मुलीची फी तोंडावर. एक शेतकरी गोठ्याच्या पाण्याची एक एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेली) घेऊन आला. मोटार नुसती गुंगत होती, फिरत नव्हती. दोन मिनिटांत कळलं, कपॅसिटर गेलाय, म्हणजे मोटारीला फिरायला सुरुवात करून देणारा छोटा भाग. अडीचशे रुपयांचं काम. मी म्हटलं, 'भाऊ, वाइंडिंग गेलं. भरावी लागेल.' दोन दिवस मोटार ठेवून घेतली, जुन्याच कॉइलवर लाल वार्निशचा हात मारला, नवा कपॅसिटर लावला आणि 3,400 रुपये घेतले. त्या रात्री जेवणाआधी मी देवाचे आभार मानले. घास घशाखाली गेला, तेही खोटं बोलत नाही.

माझा भरवसा कशावर होता हे त्या मोटारीने दाखवलं. उन्हाळ्यात, गल्ला भरलेला असताना, मी मंडळीत उभा राहून 'प्रभू पुरवतो' अशी साक्ष दिली होती की!

तुम्ही पगारदार आहात, म्हणून शास्त्रातली एक जागा मुद्दाम सांगतो. मान्नाची गोष्ट (निर्गम 16) आपण सगळे ऐकतो. रानात इस्राएली लोकांना देव मान्ना नावाचं अन्न देत होता. रोज सकाळी माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, गोळा करायचं. उद्यासाठी ठेवलं तर किडे पडायचे. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायला सांगितलंय, आणि ते नासलं नाही. म्हणजे साठवणं हेच पाप असतं तर शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवसाच्या आदल्या दिवशीचा मान्नाही नासायला हवा होता. योसेफाने तर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सात वर्षं धान्य कोठारात भरलं, देवानेच उलगडलेल्या स्वप्नावरून. म्हणून म्हटलं, एफडी राहू द्या.

आता यहोशवा 5:12 वाचा. लोकांनी देवाने देऊ केलेल्या कनान देशात पोचून तिथलं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. चाळीस वर्षं रोज पडणारा, बंद! पुढे पेरा, कापा, खा. आणि तिथे पोचायच्या आधीच मोशेने बजावून ठेवलं होतं, अनुवाद 8 मध्ये: चांगली घरं होतील, गुरंढोरं वाढतील, तेव्हा 'हे माझ्याच हातांनी मिळवलं' असं मनात आणू नकोस, मिळवण्याची शक्तीसुद्धा देवच देतो. रानात भुकेलेल्या माणसाला हे सांगायची गरजच नव्हती, त्याला रोज सकाळी दिसत होतं. गरज होती ती शेत पिकायला लागल्यावर. तुमचा पगार हे ते कनानचं पीक. दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात येतो, म्हणून तो आपोआप उगवतो असं वाटायला लागतं.

प्रेषित पौलाचंही तेच. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. 'काम करायचं नसेल तर खाऊही नये' हे त्यानेच थेस्सलनीकाकरांना लिहिलं. 'माझा देव तुमची सर्व गरज पुरवील' (फिलिप्पै 4:19) हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, पण ते कैदेतून लिहिलंय, आणि ज्या मंडळीने स्वतःच्या खिशातून एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती, तिला लिहिलंय. एवढं टाका म्हणजे शंभरपट मिळेल असं सांगणाऱ्या सभा आमच्याकडेही होतात. मला त्या लॉटरीच्या दुकानासारख्या वाटतात. कुणाला राग आला तर येऊ दे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला जास्त पटतं. अमेरिकेतल्या संस्थेने त्यांना दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत सरत आलेली, नेमका 1896-97 चा दुष्काळ पडला, आणि बाई मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणत सुटल्या. ब्रिस्टलमध्ये कुणाकडेही पैसे न मागता अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरबद्दल त्यांनी वाचलेलं होतं, त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. पण केडगावच्या आपल्या आश्रमात त्या नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना काढला. प्रार्थनाही केली आणि पाणी लागेपर्यंत खणलंही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी आता दोन गोष्टी करतो. उन्हाळ्यातल्या कमाईतून पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढतो. आणि जुलैमध्ये कुणी मोटार आणली की आधी त्याच्यादेखत तपासतो, मग दाम सांगतो. दुसरी गोष्ट जड जाते. गल्ला रिकामा असला की जीभ अजूनही 'वाइंडिंग गेलं' म्हणायला वळते. तुमच्या नोकरीत अशी जागा कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक: खोटं बिल, साहेबाच्या चुकीवर गप्प बसणं, रविवारी काढलेला ओव्हरटाइम. पगाराला धक्का लागेल असं दिसलं की आपण काय करायला तयार होतो, तिथे बघा.

त्या शेतकऱ्याचं राहिलं. दिवाळीनंतर मी त्याच्या मळ्यात जाऊन 3,150 रुपये परत केले. त्याने मोजून घेतले आणि एवढंच म्हणाला, 'मले तवाच समजलं व्हतं.' चहासुद्धा विचारला नाही. पुढचे दोन उन्हाळे तो माझ्या दारावरून मोटार दुसरीकडे नेत राहिला. साक्षीमध्ये लोक सांगतात तसं दुप्पट वगैरे काही परत मिळालं नाही.

तिसऱ्या वर्षी मेमध्ये आला, विहिरीवरची तीन फेजची मोटार घेऊन. टेबलाशी उभा राहिला, हलेना. आणि नेमकं त्या वेळी वाइंडिंग खरंच जळालेलं! मी बोल्ट काढले, स्टेटर, म्हणजे कॉइल बसवलेला आतला स्थिर भाग, त्याच्यासमोर धरला. त्याने काळी पडलेली कॉइल नखाने खरवडली, बोटाचा वास घेतला, मेगरचा (कॉइलचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा) काटा मला दोनदा लावून दाखवायला लावला. मग म्हणाला, 'भर.'